दवाखान्याचा दिवस आणि मनगटावरचं घड्याळ

"पुढच्या वेळी तुम्ही नका येऊ. मी भावाला घेऊन जाते."

बायकोचं हे वाक्य घेऊन दादा माझ्याकडे आले होते. (मी त्यांना दादा म्हणते, त्यांच्या बायकोला वहिनी. दोघांच्या संमतीने लिहिते आहे, आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.) वहिनींना स्तनाचा कर्करोग. शस्त्रक्रिया झाली होती, केमो सुरू होती. दर 21 दिवसांनी एक अशा 6 सांगितल्या होत्या, त्यातल्या 3 झाल्या होत्या. घर शेतावर आणि हॉस्पिटल शहरात, गाडीने अडीच तास. केमोच्या दिवशी पहाटे चारला उठून गोठा उरकायचा, साडेपाचला निघायचं आणि अंधार पडल्यावर परतायचं.

"मी काय कमी केलं सांगा," दादा म्हणाले. "तिन्ही वेळा गेलो. दिवसभर तिच्याजवळ होतो. धीर दिला. तरी म्हणते, नका येऊ."

रुग्णाबरोबर दवाखान्यात जाणारी माणसं हा प्रश्न मला नेहमी विचारतात. कुणी म्हणतं, दिवसभर बसून माझा उपयोग काय? कुणी म्हणतं, काय बोलावं तेच सुचत नाही. मी अशा वेळी त्या दिवसाची हकिकत तासातासाने सांगायला लावते. "कसं वाटलं?" असं विचारलं की माणसं दोन शब्दांत आटपतात. "पावणेअकराला तुम्ही कुठे होतात?" असं विचारलं की बरंच काही बाहेर येतं.

आठला पोचले, रक्त दिलं. दहाला रिपोर्ट आला, अकराला डॉक्टर भेटले. मग दीडपर्यंत काहीच नाही. दादा चार वेळा काउंटरवर जाऊन आले. आपल्यानंतर आलेली माणसं आत गेली म्हणून त्यांचा आवाजही चढला होता. या वेळेत काय चाललेलं असतं, ते त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. रक्तातल्या पेशी पुरेशा आहेत हे पाहून डॉक्टर हिरवा कंदील देतात, त्यानंतरच त्या दिवसाचा डोस ठरून औषध तयार करायला घेतात. तयार झालेली काही औषधं फार काळ टिकत नाहीत, म्हणून आधीपासून करून ठेवता येत नाहीत. हे ऐकल्यावर दादा म्हणाले, "एवढं माहीत असतं तर भांडलो नसतो."

आणि मग गाय. तिसऱ्या केमोच्या दिवशी एक गाय व्यायला झाली होती. शेजारचा मुलगा लक्ष ठेवून होता, पण गोठ्यात फोनला रेंज नाही. दादा दर थोड्या वेळाने बाहेर जाऊन फोन लावायचे, लागला नाही की परत यायचे, घड्याळ बघायचे. संध्याकाळच्या धारेला पोचतो की नाही, हे गणित दिवसभर डोक्यात.

पुढच्या भेटीला दोघं आले. वहिनी आधी काही बोलेनात. मग म्हणाल्या, "हे आधी सलाईनच्या बाटलीकडे बघतात, मग घड्याळाकडे. दर दहा मिनिटांनी. मला वाटतं, थेंब हळू पडतायत ही माझीच चूक आहे."

मी विचारलं, "मग तुम्ही काय करता?"

"लवकर उरकावं असं बघते. त्या दिवशी सुईच्या जागी जळजळत होतं. सिस्टरना सांगितलं असतं तर सुई काढली असती, दुसरी शीर शोधली असती, आणखी तास गेला असता. गाय तिकडे अडलेली. मी गप्प बसले."

दादांना हे पहिल्यांदाच कळत होतं. फेरीवर आलेल्या सिस्टरना हात सुजलेला दिसला, त्यांनी ताबडतोब सलाईन थांबवली, पुढचे उपचार केले. बरेच दिवस कातडी लाल राहिली, पण फाटली नाही. नशीब म्हणायचं. केमोची काही औषधं शिरेबाहेर पाझरली तर आतलं मांस जाळतात, जखम होते, ती महिनोन् महिने भरत नाही. म्हणून सुईच्या जागी जळजळ, टोचणी, सूज, ताण, काहीही जाणवलं तरी त्या क्षणी सांगायचं असतं.

"मला का नाही सांगितलंस?"

"तुम्ही दारात होतात. फोन घेऊन."

त्यानंतर खोलीत बराच वेळ कुणी बोललं नाही. मीही बोलले नाही.

दादा बेफिकीर नव्हते, हे मला ठामपणे सांगायचं आहे. शहरातली माणसं सहज सांगतात, "त्या दिवशी कामाचा विचारच करायचा नाही." गुरं असलेल्या घराला हा सल्ला काय कामाचा? फाइल उद्यापर्यंत थांबते, भरलेली कास थांबत नाही. ती काळजी खरी आहे. पण ती हॉस्पिटलच्या खुर्चीशेजारी बसून मिटणारी नाही. ती आदल्या संध्याकाळी घरीच मिटवावी लागते. आम्ही तिथूनच सुरुवात केली.

दादांची आजवरची व्यवस्था होती, "वेळेत आलो तर मी काढतो, नाहीतर तू काढ." या 'नाहीतर'मुळे त्यांचा जीव दिवसभर टांगलेला राहायचा. आता ठरलं ते असं: केमोच्या दिवशी संध्याकाळची धार शेजाऱ्यांची, दादा लवकर परतले तरी शेजाऱ्यांचीच. बदल्यात त्यांच्या अडीअडचणीला दादा जाणार. फोन एकच, दुपारी एकला, आणि तो शेजाऱ्यांनी रेंज असेल तिथे येऊन करायचा.

मानसशास्त्रज्ञ नायल बोल्जर यांचा 2000 सालचा एक अभ्यास मला अशा वेळी आठवतो. वकिलीच्या परीक्षेला बसलेल्यांची आणि त्यांच्या जोडीदारांची रोजची नोंद त्यांनी ठेवली होती. जोडीदाराने मदत केली पण घेणाऱ्याच्या ती लक्षात आली नाही, तेव्हा तिचा सर्वांत चांगला परिणाम दिसला. मदत जाणवली की आपण कुणावर तरी भार आहोत हेही जाणवतं. म्हणून फाइल लावणं, गाडीत तेल भरणं, पांघरूण घेणं ही कामं गाजावाजा न करता व्हावीत असं मी दादांना सुचवलं. धारेची गोष्ट मात्र दादांनी वहिनींना आदल्या रात्री स्पष्ट सांगायची असं ठरवलं, कारण घड्याळ आता त्यांच्याही डोक्यात शिरलं होतं. "उद्या आपल्याला परतायची वेळ नाही." एवढंच वाक्य, आणि एकदाच.

बोलण्याचाही प्रश्न होता. दादा दिवसभर म्हणायचे, "काही होत नाही, धीर धर." वहिनी म्हणाल्या, "असं म्हटलं की वाटतं, आता रडायची सोय नाही." मी दादांना एक प्रश्न दिला: "आज बोलू की गप्प बसू?" वहिनींनी तिथल्या तिथे उत्तर दिलं. जाताना गाडीत बोला, अगदी शेताचंही बोला. सलाईन चालू असताना गप्प बसा, पण बसा. डॉक्टरांपुढे मात्र तुम्ही विचारा, मला तिथे काही सुचत नाही. हे अगदी खरं आहे. डॉक्टर सांगतात त्यातलं 40 ते 80 टक्के रुग्ण लगेच विसरतात असं संशोधनांत आढळलं आहे, आणि घाबरलेलं मन तर आणखी कमी धरून ठेवतं. दादांनी वही केली. आदल्या रात्री दोघांनी मिळून तीन प्रश्न लिहायचे, उत्तरं दादांनी टिपायची आणि बाहेर पडण्याआधी डॉक्टरांना वाचून दाखवायची.

परतीच्या वाटेवर वहिनी बोलत नाहीत, रुसतात, अशी दादांची समजूत होती. केमोच्या आधी ॲलर्जी होऊ नये म्हणून त्यांना जे इंजेक्शन द्यायचे, त्याने गुंगी येते. त्या रुसलेल्या नव्हत्या, पेंगत होत्या! रात्री मात्र टक्क जाग्या, कारण उलटी होऊ नये म्हणून दिलेलं स्टेरॉइड झोप उडवतं. दादांना वाटायचं, बरी दिसतेय. तिसऱ्या दिवशी स्टेरॉइडचा जोर ओसरला की त्या अंथरुणावरून उठत नसत, आणि नेमके त्याच दिवशी दादा साठलेली कामं उरकायला दिवसभर शेतात. माझ्या मते या जोडप्यात सगळ्यांत मोठी दुरुस्ती इथे झाली. दादांनी तिसरा दिवस घरासाठी राखला. हॉस्पिटलचा दिवस फक्त त्याच एका दिवसापुरता नसतो, हे मी नातेवाइकांना वारंवार सांगते.

दूर राहणाऱ्यांसाठी तापाचं आधी ठरवून ठेवणं फार गरजेचं आहे. केमोनंतर साधारण 7 ते 14 दिवसांत संसर्गाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी सर्वांत कमी होतात. त्या काळात 38 अंश सेल्सिअस, म्हणजे 100.4 फॅरनहाइट ताप आला तर सकाळची वाट पाहायची नाही. तापाची गोळी देण्याआधी हॉस्पिटलला फोन करायचा, कारण गोळीने ताप दबतो, संसर्ग नाही. दादांनी थर्मामीटर घेतला, रात्रीचा नंबर दाराच्या आत चिकटवला. अडीच तास जाण्याइतका वेळ नसेल तर जवळच्या कोणत्या दवाखान्यात जायचं, तेही डॉक्टरांना विचारून लिहून ठेवलं.

शेवटी दादांना त्यांच्याबद्दल विचारलं. पहाटे चारपासून उपाशी, आणि अंधारात गाडी तेच चालवणार. "माझं काय एवढं," ते म्हणाले. वहिनींनी माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "हे जेवले नाहीत तर मी सुई लावून घेणार नाही." तो नियम मी वहीत लिहायला लावला.

पाचव्या केमोनंतर दादांचा फोन आला. सुई लावल्यावर त्यांनी विचारलं होतं, जळजळतंय का? वहिनी नाही म्हणाल्या. अर्ध्या तासाने त्यांनी स्वतःच सिस्टरना हाक मारली, हात जड वाटतोय म्हणून. सुई बदलली, दुसरी शीर सापडायला वेळ लागला.

"घरी पोचायला उशीर झाला असेल मग," मी म्हटलं.

"झाला असेल. घड्याळ गाडीतच काढून ठेवलं होतं. किती वाजले होते ते दुसऱ्या दिवशी शेजाऱ्यांकडून कळलं."