वाचकांचे प्रश्न : उन्हाळ्यात होडीतून गरवायला जाताना

या वेळी बहुतेक पत्रं सुट्टीतल्या गळाच्या सफरींबद्दल आहेत आणि त्यांतली अर्धी मालवण-देवबाग पट्ट्याबद्दल. म्हणून उत्तरंही तिथलाच समुद्र धरून दिली आहेत.

मे महिन्यात दोन कुटुंबं मिळून होडी ठरवतोय. नाश्ता करून दहाला निघालो तर चालेल का? तारीख कोणती धरावी? – वाचक, पुणे

दहाला निघू नका. उन्हाळ्यात पहाटे जमिनीवरून समुद्राकडे मतलई वारा असतो आणि पाणी निवांत असतं. जमीन तापली की अकराच्या सुमारास वायव्येकडून खारा वारा धरतो आणि दुपारी एक-दोनपर्यंत लाटांवर पांढरा फेस दिसू लागतो. पंचवीस-तीस फुटी होडी तेव्हा नांगरावर इतकी उसळते की तळाला टेकलेलं शिसं (दोरी खाली नेणारं वजन) दर लाटेला हातभर वर उचललं जातं. आमिष असं नाचायला लागलं की तळाचा मासा त्याच्याजवळ येत नाही. शिवाय परतताना लाट अंगावर येते आणि मुलं भिजतात, घाबरतात. साडेपाचला किनारा सोडा आणि साडेदहाला परत या. नाश्ता मग करा.

तारीख तिथीवरून ठरवा. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात पाण्याला ओढ फार असते, 150 ग्रॅमचं शिसंही तळाला ठरत नाही. अष्टमी-नवमीच्या भांगाला, म्हणजे भरती-ओहोटी सर्वांत कमी असते तेव्हा, पाणी इतकं मंद की मासा सुस्त. दशमी-एकादशी आम्हाला सर्वांत आवडते. कारण साधं आहे. जुन्या हिशोबाने तिथीला पाऊणने गुणलं की मुंबईच्या भरतीची वेळ मिळते. एकादशीला अकरा गुणिले पाऊण म्हणजे सव्वाआठ. मालवणात भरती साधारण तासभर आधी, म्हणजे सव्वासातच्या आसपास. पाणी फिरण्याआधीचा आणि नंतरचा एकेक तास मासा सर्वांत जास्त खातो, आणि तो तुमच्या सफरीच्या वेळेतच येतो. दोन्ही पक्षांना हाच हिशोब. हा अंदाज आहे, छापील कोष्टकाशी ताडून घ्या.

मेचा दुसरा पंधरवडा टाळा. वारा नसला तरी नैर्ऋत्येकडून लांब पल्ल्याची जड लाट यायला लागते. प्रवासी होड्या दरवर्षी 26 मे ते 31 ऑगस्ट बंद असतात आणि यांत्रिक मासेमारीला 1 जून ते 31 जुलै बंदी असते. एप्रिल मिळत असेल तर एप्रिलच घ्या.

गेल्या खेपेला दोन तासांत सात शिसं आणि तेवढ्याच गऱ्या (गळाचे आकडे) खडपात, म्हणजे तळाच्या खडकांत, गेल्या. होडीवाला म्हणाला, इथे असंच होतं. खरंच? – वाचक, कोल्हापूर

खडपातच तांबोशी आणि गोबरा हे मासे असतात, त्यामुळे अडकणारच. पण दर वेळी सगळं का जावं? शिसं मुख्य तंगुसालाच (नायलॉनच्या दोरीलाच) बांधलं असेल तर ते अडकल्यावर गऱ्यांसकट सगळं तुटतं. शिसं मुद्दाम कमजोर धाग्याने बांधा.

मुख्य तंगूस 0.70 मिमीचा घ्या, त्याच्या टोकाला स्विव्हल (दोरीला पीळ पडू न देणारी फिरती कडी). त्याखाली 0.60 मिमीचा दीड मीटर तुकडा आणि त्याला गऱ्यांच्या दोन फांद्या, प्रत्येकी वीतभर. खालची फांदी शिशापासून दोन विती वर असावी, म्हणजे आमिष खडपाला घासत नाही. तुकड्याच्या खालच्या टोकाला शिसं बांधायला मात्र 0.30 मिमीचा तंगूस, फार तर वीतभर. शिसं कपारीत बसलं की दोरी हाताला गुंडाळू नका (तंगूस बोट कापतो), लाकडाच्या दांडक्याला दोन वेढे द्या आणि सरळ ओढा. बारीक धागा तुटतो, शिसं जातं, गऱ्या आणि मासा वर येतो.

शिसं तळाला टेकल्याचं दोरी एकदम सैल झाली की कळतं. त्याच क्षणी हातभर वर घ्या. दोरी सैल सोडून गप्पा मारत बसलं की निम्मी शिसं तिथेच जातात. गोबरा लागला तर पहिल्या दोन वावांत (वाव म्हणजे पसरलेल्या दोन हातांइतकं अंतर) त्याला अजिबात ढील देऊ नका, तो थेट कपारीत शिरतो आणि कल्ले फुगवून बसतो. शिरलाच, तर ओढत राहू नका. दोरी पूर्ण सैल सोडून चार-पाच मिनिटं थांबा. ताण गेला की तो बऱ्याचदा आपणहून बाहेर निघतो, तेव्हा एका दमात वर घ्या.

आणखी एक, होडीतल्या सगळ्यांचं शिसं एकाच वजनाचं हवं. एकाचं 80 आणि दुसऱ्याचं 150 ग्रॅम असलं की हलकी दोरी ओढीबरोबर वाहत जाऊन शेजारच्याच्या दोरीत गुंतते, आणि सकाळचा सोन्यासारखा तास गुंता सोडवण्यात जातो.

सुरमई लागते आणि दोरी कापून जाते. जाड तंगूस घ्यावा का? – वाचक, दादर

जाड तंगूसही कापला जातो, तिचे दात कात्रीसारखे असतात. गरीच्या वर वीत-दीड वीत बारीक स्टीलची तार लावा. रीलचा ड्रॅग (मासा जोरात ओढू लागला की दोरी सुटू देणारा ब्रेक) दोरीच्या ताकदीच्या चौथ्या ते तिसऱ्या हिश्श्यावर ठेवा. 30 पौंडांची दोरी असेल तर सुमारे साडेतीन ते साडेचार किलो, आणि तो किनाऱ्यावरच ताणकाट्याला अडकवून मोजा, होडीत अंदाजाने नको. राज्याने 2023 मध्ये 54 जातींना किमान आकार ठरवून दिले, त्यात सुरमईला 370 मिमी आहे. आमचं मत विचाराल तर त्याहून बरीच मोठी झाल्याशिवाय ठेवू नये. मोठ्या जातीची सुरमई पहिल्यांदा अंड्यावर येते तेव्हा पाऊण मीटरच्या आसपास असते.

आम्हीच पकडलेले बांगडे घरी नेऊन खाल्ले. अर्ध्या तासात तिघांच्या तोंडावर लाल चट्टे, डोकेदुखी. एरवी मासे बाधत नाहीत. – वाचक, सांगली

तिघांना एकदम अ‍ॅलर्जी होणं अवघड आहे. हे बहुधा उन्हात राहिलेल्या माशाचं. बांगडा, कुपा, सुरमई यांच्या मांसात हिस्टिडीन नावाचं अमिनो आम्ल भरपूर असतं. मासा गरम राहिला की जिवाणू त्याचं हिस्टामीन (अ‍ॅलर्जीसारखे चट्टे उठवणारं द्रव्य) करतात, आणि एकदा झालेलं हिस्टामीन कितीही शिजवा, तळा, जात नाही. वासही दर वेळी येत नाही, हाच त्यातला धोका. श्वासाला त्रास झाला तर लगेच डॉक्टर गाठा.

म्हणून बर्फ होडीत चढतानाच हवा, उतरल्यावर नाही. उन्हाळ्यात माशाच्या वजनाइतका बर्फ धरा. खोक्यात दोन भाग कुटलेला बर्फ आणि एक भाग समुद्राचं पाणी घाला. अशा चिखलात मासा चहूबाजूंनी गार होतो, नुसत्या बर्फाच्या लाद्यांवर ठेवला तर एकाच बाजूने. मासा मारून कल्ल्याखाली चीर द्या, रक्त गेलं की लगेच आत. गार झाल्यावर पाणी काढून टाका आणि पुढच्या प्रवासाला पाण्याशिवाय नुसता साधा बर्फ भरा.

शिंगाळ्याचा काटा लागला तर काय करायचं? आणि केंड (अंग फुगवणारा मासा) खातात का? – वाचक, बेळगाव

शिंगाळ्याच्या पाठीवरच्या आणि कल्ल्यांमागच्या पंखांना विषारी काटे असतात. त्याला हाताने धरू नका, पकडीने गरी सोडवा. काटा लागलाच तर जखम धुऊन सोसेल इतक्या गरम पाण्यात, साधारण 45 अंशांपर्यंत, अर्धा ते दीड तास बुडवून ठेवा. वेदना उतरते. पाण्याचा अंदाज दुसऱ्या, न दुखावलेल्या हाताने घ्या, नाहीतर भाजतं. काट्याचा तुकडा आत राहिला असेल तर दवाखाना. बर्फ लावू नका. केंड खाऊ नका. त्याचं विष शिजवून जात नाही आणि त्यावर उतारा नाही.

होडी ठरवताना काय बघावं? – वाचक, नाशिक

मासेमारीचा परवाना म्हणजे पर्यटक नेण्याचा परवाना नव्हे. प्रवासी होडीचा मेरीटाईम बोर्डाचा परवाना, त्यावरची माणसांची संख्या आणि विमा बघा. लाइफ जॅकेट मोजा, मुलांच्या मापाचं वेगळं मागा आणि किनाऱ्यावरच घालून पट्टे आवळा. मालवणच्या सागरी अभयारण्याचा गाभा सिंधुदुर्ग किल्ला आणि पद्मगडाच्या भोवती आहे. तिथे गरी टाकू असं कोणी सुचवलं तर नाही म्हणा. बोट लागत असेल तर गोळी डॉक्टरांना विचारून तासभर आधी घ्या, होडीच्या मध्याच्या मागे, डिझेलचा धूर येणार नाही अशा बाजूला बसा. तटरक्षक दलाचा 1554 आणि सागरी पोलिसांचा 1093 हे दोन्ही क्रमांक निघण्यापूर्वी फोनमध्ये भरा, आणि किती वाजता परतणार ते किनाऱ्यावर कोणाला तरी सांगून जा.