बेळगावात गेट, ग्रिल आणि गच्चीवरच्या शेडसाठी वेल्डर कसा निवडावा? दर किलोवर ठरवावा की स्क्वेअर फुटावर?

तुम्ही लिहिलंय की तीन जणांना बोलावलं आणि तिघांचे आकडे एकमेकांच्या आसपाससुद्धा नाहीत. नसणारच. तिघांनी मनात वेगवेगळं लोखंड धरलंय. मी अनगोळला राहतो. गेल्या दहा वर्षांत ग्रिल एकदा, शेड एकदा आणि गेट दोनदा करून घेतलंय. गेट दोनदा का, ते सांगतो.

आधी लोखंड ठरवा, मग दर विचारा. खिडकीच्या ग्रिलला १२ एमएमचा चौकोनी बार घातला तर मीटरला साधारण १.१३ किलो भरतो, १० एमएमचा ०.७८५. रंग मारून भिंतीत बसवल्यावर हा फरक डोळ्यांना दिसत नाही, पण लोखंड तीस टक्के कमी झालेलं असतं. पाइपचं तर याहून वाईट. ४० बाय ४० चा चौकोनी पाइप २ एमएम जाडीचा असेल तर सहा मीटरची एक लांबी १४ किलोच्या आसपास जाते; १.२ जाडीचा असेल तर नऊ किलोसुद्धा भरत नाही. बाहेरून दोन्ही सारखेच. स्क्वेअर फुटाचा दर घेतलेला माणूस पातळ पाइपकडे झुकतो आणि किलोचा दर घेतलेला उगाच जाड घालतो, हा साधा हिशेब आहे. म्हणून मी दर किलोचाच ठरवतो, पण कुठल्या जागी किती जाडीचं लोखंड, ते आधी लिहून घेतो आणि माल रंगवण्याआधी काट्यावर घालायला लावतो. आमच्या ग्रिलवाल्यानं कोटेशन कन्नडमध्ये लिहून दिलं होतं. माझं कन्नड वाचन दुकानांच्या पाट्यांपुरतंच, पण एमएम आणि किलोचे आकडे कुणालाही वाचता येतात.

आता गेटची गोष्ट. पहिल्या वेळी मला कुणीतरी सांगितलं, जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेला पाइप घाला, गंजत नाही. खरं आहे, पाइप गंजत नाही, सांधा गंजतो. वेल्डिंगच्या उष्णतेनं तिथलं जस्त जळून जातं आणि उघडं लोखंड राहतं. वर त्या माणसानं सांध्यावरचा स्लॅगसुद्धा, म्हणजे वेल्डिंगनंतर वर जमणारा कडक थर, नीट ठोकून काढला नव्हता, त्यावरच रंग फिरवला. मी विचारलं तर म्हणाला, "रंग मारला की काय दिसत नाही वो." आणि खरंच पावसाळाभर काही दिसलं नाही. दिवाळीला गेट धुताना प्रत्येक सांध्याखाली तांबडा ओघळ दिसला. नखानं खरवडलं तर रंगाचा पापुद्रा आणि त्याखाली काचेसारखा काळा स्लॅग एकदमच निघून आला. त्यात पाइपांची वरची तोंडं उघडी ठेवलेली. पाणी आत जाऊन साचलं आणि खालची पट्टी आतून सडली. दोन वर्षांत बिजागरीकडची बाजू खचून गेट जमिनीला घासायला लागलं.

दुसऱ्या वेळी माणूस निवडताना मी त्याच्या दुकानातलं नवं काम बघितलंच नाही. नवं सगळ्यांचंच छान दिसतं. तीन-चार पावसाळे खाल्लेलं काम कुठे आहे ते विचारलं. त्यानं वडगावातल्या एका घराचा पत्ता दिला. तिथे जाऊन गेटच्या खालच्या अंगाला हात फिरवला. चांगल्या वेल्डरचा सांधा खालून, जिथे कुणी बघत नाही तिथेही माशाच्या खवल्यांसारखा एकसारखा असतो. नुसते ठिपके मारून सोडलेलं असेल तर नमस्कार करून निघायचं. टाके, म्हणजे जागा धरण्यापुरते वेल्डचे ठिपके, आधी मारायचे, काटकोनासाठी गुनिया लावून बघायचा आणि मग पूर्ण वेल्ड ओढायचा, हा क्रम. घाईत टाक्यांवरच काम संपवणारे खूप आहेत.

लोक म्हणतात उद्यमबागेतल्या कारखान्यातला वेल्डर रविवारी बोलवा, हात चांगला असतो. हात असतोच. पण कारखान्यात सगळं जिगमध्ये, म्हणजे तुकडे नेमक्या जागी धरणाऱ्या साच्यात, बसलेलं येतं, आणि आपल्या घरांच्या भिंती कुठे ओळंब्यात असतात! घरकामाला फिटिंगची सवय असलेला माणूस बरा. गॅलरीला स्टेनलेस स्टील हवं असेल तर मात्र टिगवर (त्यासाठीच्या गॅसच्या बारीक वेल्डिंगवर) हात बसलेलाच बघा, आणि माल ३०४ ग्रेडचा की २०२ ग्रेडचा ते बिलावर लिहून घ्या. लोहचुंबक लावून यातला फरक कळत नाही.

होईल तेवढं काम त्याच्या दुकानातच करायला सांगा, घरी फक्त बसवणं. घरच्या मीटरवर जुनं ट्रान्सफॉर्मरचं मशीन लावलं की दिवे मंदावतात आणि वायरिंग तापतं. ग्राइंडरच्या ठिणग्या खिडकीच्या काचेत आणि टाइल्समध्ये रुततात, नंतर त्यांचे गंजके ठिपके काही केल्या जात नाहीत. काम चालू असताना ओली गोणपाटं टाकून घ्या. आणि कौतुकानं वेल्डिंगच्या ठिणगीकडे बघत उभे राहू नका, पोरांनाही राहू देऊ नका. तेव्हा काही वाटत नाही, रात्री डोळ्यांत वाळू गेल्यासारखं होतं आणि झोप उडते.

शेड मिरगाच्या आधी पुरी व्हायला हवी. जूनमध्ये ओल्या लोखंडावर मारलेला रेड ऑक्साइड, म्हणजे रंगाआधीचा तांबडा हात, धरत नाही. पत्र्याला उतार भरपूर ठेवा. स्क्रू पन्हळीच्या उंचवट्यावर, रबराच्या वायसरसकट. खोलगट भागात मारलेला स्क्रू गळणारच.

पैशांचं म्हणाल तर मालापुरता अॅडव्हान्स, बसवल्यावर बाकीचे, आणि शेडच्या कामातले थोडे पहिल्या मोठ्या पावसानंतर, असं मी सुरुवातीलाच बोललो होतो. मला वाटलं माणूस चिडेल. तो हसला, "मिरगाला येतो की वो, चहा ठेवा." आला तो भर पावसात, खिशात सिलिकॉनची ट्यूब घेऊन. दोन ठिकाणी लागली.