जुनी पालिओ, नवे कर्ज आणि घरातील शिल्लक

वाचकाचा प्रश्न : मी ३६ वर्षांचा असून चाकणच्या एका कारखान्यात नोकरीस आहे. हातात येणारा पगार ८६,००० रुपये असून गृहकर्जाच्या ३१,००० रुपयांच्या हप्त्यासह घरखर्च ६८,००० रुपये होतो. ५ लाख २० हजारांची मुदत ठेव आहे आणि दरमहा ८,००० रुपयांची एसआयपी चालू आहे. पत्नी सध्या नोकरी करत नाही, मुलगी चार वर्षांची आहे. नाशिकला २००३ची फियाट पालिओ १.६ जीटीएक्स १ लाख ६० हजारांना मिळते आहे. गाडी चार वर्षे उभी आहे आणि आरसीची मुदत २०२३मध्ये संपली आहे. गॅरेजवाल्याने ३ लाखांचा अंदाज दिला आहे. किंमत ठेवीतून द्यावी आणि दुरुस्तीसाठी १४ टक्क्यांनी तीन वर्षांचे वैयक्तिक कर्ज घ्यावे, असा विचार आहे. ब्रिटनमध्ये अशा गाड्यांचे भाव वाढले तसे इथेही वाढतील आणि हौसेबरोबर गुंतवणूकही होईल, असे वाटते. आपले मत कळवावे.

उत्तर : आपल्या पत्रातील शेवटच्या वाक्यापासून सुरुवात करतो, कारण बाकीचा सगळा हिशेब त्यावरच उभा आहे. ब्रिटनमध्ये १९७६ची गोल्फ जीटीआय किंवा १९८४ची प्यूजो २०५ जीटीआय यांना भाव आला, तो केवळ त्या जुन्या झाल्या म्हणून नाही. तिथे या गाड्यांचे सुटे भाग नव्याने बनवणारे आहेत, ठरलेल्या किमतीवर विमा देणाऱ्या कंपन्या आहेत आणि ४० वर्षे पूर्ण झालेल्या गाडीला रस्ता कर माफ होतो. आपल्याकडे २०२१च्या नियमांनुसार ‘व्हिंटेज’ म्हणवून घेण्यासाठी गाडी ५० वर्षांची असावी लागते. म्हणजे आपल्या पालिओला ते बिरुद २०५३मध्ये मिळेल आणि मिळाल्यानंतरही ती रोजच्या वापरासाठी रस्त्यावर काढता येणार नाही. तोवर ती कागदोपत्री एक जुनी मोटार एवढीच राहते. त्यामुळे या खरेदीला गुंतवणूक म्हणू नये. तिला हौसेचा खर्च म्हणावे आणि हौसेच्या खर्चाला जे नियम लावतो तेच तिला लावावेत. हौस करू नये असे मी मुळीच म्हणत नाही. १०० अश्वशक्तीचे ते इंजिन एवढ्याशा गाडीत बसवून आपल्याच कुर्ल्याच्या कारखान्यातून बाहेर पडत असे, याचे अप्रूप मलाही आहे.

आता आकडे पाहू. ३ लाखांच्या कर्जाचा हप्ता सुमारे १०,२५० रुपये येईल आणि तीन वर्षांत व्याजापोटी ६९,००० रुपये जातील. आपल्याकडे महिन्याला १८,००० रुपये उरतात, त्यांतून एसआयपीचे ८,००० वजा केले की हप्त्याला १०,००० राहतात. म्हणजे पहिल्याच महिन्यात २५० रुपये कमी पडतात, आणि त्यात पेट्रोल, विमा, उभ्या गाडीची जागा यांचा एक रुपयाही धरलेला नाही. दुसरीकडे ठेवीतून १ लाख ६० हजार काढल्यावर ३ लाख ६० हजार राहतील. एकाच पगारावर चालणाऱ्या घरात सहा महिन्यांचा खर्च, म्हणजे ४ लाख ८ हजार रुपये, हाताशी असलेच पाहिजेत. तेव्हा ठेवीतील खऱ्या अर्थाने मोकळी रक्कम १ लाख १२ हजार एवढीच आहे. पत्रात मुदत विम्याचा, म्हणजे टर्म प्रकारच्या जीवन विम्याचा, उल्लेख नाही. तो नसेल तर गाडीचा विचार करण्याआधी तो घ्यावा, याबाबत मी कोणतीही सवलत देणार नाही.

गॅरेजवाल्याच्या ३ लाखांवर माझा विश्वास बसत नाही. त्याचा हेतू वाईट आहे असे नव्हे. रंग खरवडून पत्रा उघडा पडल्याशिवाय गंज कुठवर गेला आहे हे त्यालाही दिसत नाही. चार वर्षे उभ्या राहिलेल्या गाडीत ब्रेक, इंधनाच्या नळ्या, टायर, रेडिएटर आणि टायमिंग बेल्ट हे सगळे बदलायचेच, असे धरून चालावे. आजच्या २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलसाठी २००३च्या गाडीतील रबर बनवलेले नव्हते, हेही लक्षात ठेवावे. फियाटने २०१९मध्ये भारतात मोटारी विकणे थांबवले, त्यामुळे इंजिनाचे भाग शोधून मिळाले तरी दिवे, काचा, डॅशबोर्डचे प्लास्टिक यांसाठी भंगार बाजार पालथे घालावे लागतील. म्हणून अंदाजात निम्मी भर घालून ४ लाख ५० हजार धरा.

कागदपत्रांचा खर्च वेगळा. २० वर्षांवरील मोटारीच्या नोंदणी नूतनीकरणाचे शुल्क १०,००० रुपये आहे, उशिरासाठी दरमहा ५०० रुपये आणि शिवाय पर्यावरण कर. इंजिन १,५९६ सीसीचे असल्याने तृतीय पक्ष विमा १,५०० सीसीच्या वरच्या गटात पडतो. २०२२च्या दरपत्रकात तो वर्षाला ७,८९७ रुपये आहे. शिवाय सर्वंकष विमा घेतला, तरी इतक्या जुन्या गाडीचे विमामूल्य कंपनीशी बोलून ठरते आणि आपण ओतलेले सहा लाख त्यात क्वचितच उतरतात. पुढे गाडी तोट्यात विकली तर तो तोटा आयकरात कुठेही वजा करता येत नाही, कारण वैयक्तिक वापराची मोटार भांडवली मालमत्ता मानली जात नाही.

मला खरी भीती मात्र वेगळीच आहे. माझ्या परिचयातील एका गृहस्थांनी अशीच एक गाडी हौसेने घेतली आणि कामाची सुरुवात रंगापासून केली. मी पाहिली तेव्हा तिचे चारही दरवाजे काढून भिंतीला टेकवलेले होते, सीटा माळ्यावर होत्या आणि नटबोल्ट बिस्किटांच्या डब्यांत भरून वर चिठ्ठ्या चिकटवल्या होत्या. चिठ्ठ्यांवरची शाई उडून गेली होती, त्यामुळे कोणता बोल्ट कुठला हे त्यांनाही सांगता येईना. मुलाच्या प्रवेशाच्या वर्षी पैसे थांबले आणि काम तिथेच राहिले. सुटी केलेली गाडी मूळ किमतीलाही कोणी घेत नाही; तिची किंमत भंगाराच्या वजनावर येते. कर्जाचा हप्ता मात्र चालूच राहतो.

यासाठी माझा सल्ला असा आहे की कर्ज काढू नये आणि ही गाडी या अटींवर घेऊ नये. मुदत विम्याचा हप्ता दरमहा सरासरी १,५०० रुपये धरला, तरी महिन्याला ८,५०० रुपये गाडीच्या नावाने वेगळ्या आवर्ती ठेवीत टाकता येतील. वर्षभरात १ लाख २ हजार जमतील आणि ठेवीतील मोकळे १ लाख १२ हजार मिळून, व्याज न धरताही, २ लाख १४ हजार हाती येतील. त्या पैशांतून चालू स्थितीतील आणि वैध आरसीची पालिओ शोधावी, मग ती तीस-चाळीस हजारांनी महाग पडली तरी चालेल. त्यानंतर आधी ब्रेक आणि इंधनाच्या नळ्या, मग बेल्ट आणि कूलिंग, मग सस्पेन्शन आणि सर्वांत शेवटी डेंटिंग-पेंटिंग, असा क्रम ठेवावा. प्रत्येक टप्पा जमलेल्या पैशांतूनच करावा. या क्रमात काम कधीही थांबवावे लागले तरी गाडी चालती राहते आणि चालत्या गाडीला गिऱ्हाईक मिळते.

नाशिकच्या गाडीवरच मन जडले असेल, तर विसार देण्यापूर्वी ती टो करून एखाद्या गॅरेजच्या लिफ्टवर चढवावी. पायाखालची मॅटिंग उचलून फ्लोअरचा पत्रा, सस्पेन्शन जिथे बसते त्या जागा आणि डिकीतील स्टेपनीचा खड्डा स्क्रूड्रायव्हरने टोचून पाहावा. विक्रेता ‘बॅटरी टाकली की सुरू होईल’ म्हणत असेल, तर त्यालाच ती टाकायला सांगावी. आरसीचे नूतनीकरणही त्याच्या नावावर, त्याच्या खर्चाने झाल्यावरच व्यवहार करावा. ती फिटनेसमध्ये उत्तीर्ण झाली आणि वर्षभरानंतरही त्याच्याकडेच उभी असली, तर किमतीबाबत बोलताना बाजू आपली असेल.