मालडब्याचे वजन आधी, बारकावे नंतर

प्रश्न : माझ्याकडे मॉडेल रेल्वेचे, १:८७ प्रमाणातील (म्हणजे खऱ्याच्या सत्त्याऐंशीव्या भागाएवढे) जुने प्लास्टिकचे मालडबे आहेत. ते वळणावर घसरतात, शिवाय त्यांचे पकडदांडे (डब्यावर चढताना हाताने धरायचे दांडे) वेगळे नसून भिंतीवरच उठवलेले असल्याने खोटे दिसतात. सुरुवात कशाने करावी?

उत्तर : सुरुवात वजनाने करावी, कारण जो डबा रुळांवर टिकत नाही त्याच्या सौंदर्याचा आनंद घेताच येत नाही. अमेरिकेतील नॅशनल मॉडेल रेलरोड असोसिएशनच्या शिफारशीनुसार या प्रमाणातील डब्याला मुळात १ औंस आणि लांबीच्या प्रत्येक इंचामागे अर्धा औंस वजन असावे. म्हणजे ६ इंची डबा ४ औंसांचा, सुमारे ११३ ग्रॅमचा हवा. कमी पडणारे वजन तळाशी, मध्यभागी चिकटवावे. प्लास्टिकची चाके काढून धातूची बसवावीत.

दांड्यांचे काम संयमाचे आहे, आणि मला ते सर्वांत प्रिय आहे. उठवलेला दांडा धारदार पात्याने हलकेच तासावा, दोन्ही टोकांशी ०.४ मिमीची भोके पाडावीत आणि ०.३ मिमी पितळी तार वाकवून त्यांत बसवावी. तार भिंतीपासून सारख्याच अंतरावर राहावी म्हणून मध्ये पुठ्ठ्याची पट्टी धरावी व गोंद आतल्या बाजूने लावावा. रंगकाम त्यानंतर.