उत्तर: प्रूफं वाचायला मॉनिटर – २४, २७ की लांबोडका?

ताई, तुमचा प्रश्न मला कळला तो असा: घरून मुद्रितशोधन करता, १५.६ इंची लॅपटॉपवर वाकून मान धरते, दहा हजारांत मोठा पडदा हवा आहे. दुकानदार २७ इंची गळ्यात मारतोय, भाचा अल्ट्रावाइड (नेहमीपेक्षा पसरट पडदा) म्हणतोय आणि घरचे म्हणतायत की ३२ इंची टीव्ही नुसता पडून आहे, तोच जोडा. मी पंचवीसेक वर्षं डीटीपीत, म्हणजे संगणकावर पानं जुळवण्यात, काढली आहेत आणि यातली एक चूक स्वतःचे पैसे घालून केली आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी निकाल सांगून टाकतो. २४ इंची घ्या (खोक्यावर २३.८ असेल, तोच), १९२० बाय १०८० ठिपक्यांचा, आयपीएस पॅनलचा (बाजूने बघितलं तरी रंग फारसे न बदलणारा पडदा). सात ते नऊ हजारांत मिळतो.

२७ का नको? दहा हजारांच्या आतल्या २७ इंचीतही ठिपके तेवढेच असतात, १९२० बाय १०८०. तेच ठिपके ताणून मोठ्या काचेवर बसवलेले. २४ इंचीत दर इंचाला साधारण ९२ ठिपके येतात, २७ इंचीत ८२. इंग्रजी वाचणाऱ्याचं यात फारसं अडत नाही. आपलं अक्षर मात्र तीन मजली. वर रफार, वेलांटी, अनुस्वार, मध्ये अक्षर, खाली उकार नाहीतर हलन्त. शिवाय भ आणि म, ध आणि घ यांच्यातला फरक शिरोरेषेतल्या एवढ्याशा फटीवर उभा. दहा पॉइंटाच्या मजकुरात ती फट एखाद-दुसऱ्या ठिपक्याची असते. ठिपका जाड झाला की कडा दातेरी होतात आणि डोळा अंदाजाने वाचायला लागतो. मुद्रितशोधकाने अंदाजाने वाचणं म्हणजे काय, ते तुम्हाला मी सांगायला नको.

मी २७ इंची घेतला तेव्हा पहिला आठवडा घरात मिरवत होतो. मग एका मठाच्या कार्यक्रमपत्रिकेत ‘आचार्यांच्या हस्ते’ऐवजी ‘आचाऱ्यांच्या हस्ते’ छापून गेलं. दीपप्रज्वलनाला स्वयंपाकी! दोष माझाच, पण तो रफार आणि ती अर्धी ऱ्य त्या पडद्यावर मला वेगळी दिसलीच नव्हती, हेही खरं. मोठं करून वाचता येतंच की, असं कोणी म्हणेल. येतं, पण मग पानाचा कमी भाग दिसतो आणि मोठा पडदा घेतला कशाला, असा प्रश्न उरतो. २५६० बाय १४४० चा २७ इंची उत्तम असतो, दर इंचाला जवळपास १०९ ठिपके. पण तो तुमच्या बजेटच्या दीडपट.

आता भाच्याचा लांबोडका पडदा. २९ इंची अल्ट्रावाइड बजेटात बसत नाही हे सोडाच. त्याची उंची टेपने मोजा. साडेअठ्ठावीस सेंटिमीटर. २४ इंचीची सुमारे ३०. म्हणजे इंच जास्त आणि उंची कमी, कारण इंच कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तिरके मोजतात आणि पडदा जितका पसरट तितका तो आकडा फसवा. ए-फोर कागद २९.७ सेंटिमीटर उंच असतो. २४ इंचीवर समोरासमोरची दोन पानं जवळजवळ खऱ्या आकारात बसतात, वरची टूलबार खाते तेवढीच कमी. आपल्या कामाला याहून सोयीचं माप नाही. पूर्वी ऑफिसांत १९ इंची चौकोनी मॉनिटर असायचे, आठवतात? त्यांचीही उंची ३० सेंटिमीटरच होती. २४ इंची म्हणजे तोच, दोन्ही बाजूंनी रुंद केलेला.

टीव्हीचं दोन ओळींत. बहुतेक जुन्या ३२ इंची टीव्हीत १३६६ बाय ७६८ ठिपके, म्हणजे इंचाला पन्नासही नाहीत. मालिका बघा त्यावर.

खोक्यावरचे बाकीचे आकडे फार मनावर घेऊ नका. ७५ हर्ट्झ की १०० (चित्र सेकंदाला किती वेळा ताजं होतं तो आकडा), याने पान सरकवताना थोडं बरं वाटतं, इतकंच. ‘१ मिलिसेकंद’ हा ठिपक्याला रंग बदलायला लागणारा वेळ, तो गेम खेळणाऱ्यांसाठी. स्वस्त मॉनिटरवरचं एचडीआर (उजळ-गडद भागांतला जास्त फरक दाखवणं) नावापुरतं. व्हीए पॅनलमध्ये काळा रंग जास्त गडद मिळतो, सिनेमाला छान, पण बाजूने बघितलं की रंग फिके पडतात. टीएन हा पॅनलचा तिसरा प्रकार, तो तर घेऊच नका. बघायचं ते हे: पृष्ठभाग मॅट आहे ना, एचडीएमआय पोर्ट आहे ना आणि मागे भिंतीवरच्या किंवा टेबलाच्या स्टँडसाठी चार स्क्रूंची भोकं आहेत ना. स्वस्त मॉनिटरचा स्टँड फक्त मागे-पुढे कलतो, वर-खाली होत नाही, त्यामुळे ती भोकं पुढे कामी येतात.

दुकानात जाताना पेन ड्राइव्हवर स्वतःची एक पीडीएफ न्या. तिथे पडद्यावर पोपट आणि धबधबे चालू असतात, त्यात कुठलाही मॉनिटर सुंदरच दिसतो. तुम्ही आपलं पान शंभर टक्क्यांवर उघडायला लावा आणि ‘दर्या-दऱ्या’, ‘भार-मार’, ‘धन-घन’ वाचून बघा. मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात मी हे केलं तेव्हा पोऱ्या हसला, पण त्याने लावून दिलं. बिल जीएसटीचं, सिरियल नंबरासकट घ्या. तुमची स्वतःची जीएसटी नोंदणी असेल तर त्यातला १८ टक्के कर वळता करून घेता येईल.

ऑनलाइन मागवलात तर खोकं उघडतानाचा व्हिडिओ काढाच. पहिल्याच दिवशी पूर्ण पांढरा, काळा, लाल, हिरवा, निळा असे पडदे भरून मेलेला ठिपका शोधा. एक-दोन ठिपके मेलेले असले तर वॉरंटीत दोष म्हणून सहसा धरत नाहीत, त्यामुळे परत करायची मुदत हातात असतानाच काय ते बघायचं.

आता मांडणी. स्टँड बसवताना मॉनिटर गादीवर उपडा ठेवा, उचलताना कडेला धरा, काचेवर बोटं दाबू नका. वरची कड डोळ्यांच्या रेषेत किंवा किंचित खाली, अंतर हातभर. तुमचा चष्मा प्रोग्रेसिव्ह (एकाच काचेत लांबचा आणि जवळचा नंबर) असेल तर आणखी खाली, नाहीतर हनुवटी वर करून वाचाल आणि मान पुन्हा तिथेच. उंची कमी पडली तर खाली जुने दिवाळी अंक लावा. माझ्याकडे गेली चार वर्षं त्यांचा हाच उपयोग होतोय. खिडकी पाठीमागे किंवा समोर नको, बाजूला असू दे.

जोडायला एचडीएमआयच वापरा. व्हीजीएची (जुन्या पद्धतीची) केबल चालते, पण अक्षरांना सावली येते. जोडल्यावर विंडोजचं बटण आणि पी दाबून ‘एक्स्टेंड’ निवडा, म्हणजे दोन्ही पडदे मिळून एक मोठी जागा होते. डिस्प्ले सेटिंग्जमध्ये रेझोल्यूशन १९२० बाय १०८०, स्केल मॉनिटरसाठी १०० टक्के. शंभर हर्ट्झचा असेल तर ‘अॅडव्हान्स्ड डिस्प्ले’मध्ये जाऊन ते स्वतः निवडायचं, बऱ्याचदा तो ६० वरच बसून राहतो. स्टार्टमध्ये ‘क्लियरटाइप’ (अक्षरांच्या कडा सुबक करणारी विंडोजची सोय) टाइप करून दोन्ही पडद्यांसाठी ती छोटी चाचणी पूर्ण करा. देवनागरीला याचा खरोखर फरक पडतो. पेजमेकरसारखं पानं जुळवायचं जुनं सॉफ्टवेअर लॅपटॉपवरून मॉनिटरवर ओढल्यावर धुरकट दिसलं, तर मॉनिटर परत करायला धावू नका. दोन पडद्यांचं स्केल वेगवेगळं असल्याचा तो परिणाम असतो. त्या प्रोग्रॅमच्या प्रॉपर्टीजमध्ये ‘कम्पॅटिबिलिटी’खाली हाय डीपीआयचं सेटिंग आहे, तिथे बदलून बघा.

मॉनिटरच्या स्वतःच्या मेनूत तीन गोष्टी. एक, ब्राइटनेस: कारखान्यातून तो डोळे दिपवणारा येतो. शेजारी कोरा कागद धरा आणि पडदा कागदाइतकाच पांढरा दिसेपर्यंत खाली आणा. दोन, शार्पनेस आहे तिथेच राहू द्या. वाढवलात की मात्रांभोवती पांढरी कड येते. तीन, ‘डायनॅमिक कॉन्ट्रास्ट’ (चित्र बघून उजेड आपोआप कमी-जास्त करणारी सोय) बंद. काळी अक्षरं राखाडी वाटली तर ब्लॅक लेव्हल किंवा ग्राफिक्सच्या सेटिंगमध्ये ‘फुल रेंज’ करा. लॅपटॉप पडद्याला टीव्ही समजतो, त्यातून हे होतं.

इन्व्हर्टरचं विचारलंत. असा मॉनिटर वीस-पंचवीस वॉट खातो, खुशाल लावा. मात्र प्लग अर्थिंग असलेल्या तीन पिनांच्या सॉकेटमध्येच घाला. जुन्या घरांत अर्थिंगची तार जोडलेलीच नसते, मग लॅपटॉपच्या धातूच्या कडेला हात लागला की मुंग्या येतात. त्या वेळी चालू मॉनिटरला एचडीएमआय लावत बसू नका, पोर्ट जळू शकतं. आधी वायरमन बोलवा. आणि लॅपटॉपच्या दोन्ही बाजूंच्या पोर्टांचा फोटो इथे टाका. एचडीएमआय नसेल आणि नुसतं टाइप-सी असेल, तर त्यातून चित्र बाहेर येतं की नाही ते बघून मगच केबल सांगतो.