यूएआरटीवरील ब्लूटूथ ड्रायव्हरचे परीक्षण: वाचायला ‘रिमूव्ह’पासून सुरुवात करा

आपला प्रश्न मी असा समजलो. सोलापूरच्या अक्कलकोट रस्त्यावरील एका टॉवेल कारखान्यासाठी आपण मागाचे पिक (आडव्या धाग्याची प्रत्येक फेरी) मोजणारी पेटी बनवली आहे. ती लिनक्सच्या लहान बोर्डवर चालते, बोर्डवरील ब्लूटूथ चिप यूएआरटी या सीरियल जोडणीने जोडलेली आहे आणि त्या चिपसाठी कर्नलमध्ये (लिनक्सच्या गाभ्यात) ड्रायव्हर, म्हणजे चिप चालवणारा कोड, नसल्यामुळे आपण सुमारे ९०० ओळींचा ड्रायव्हर स्वतः लिहिला आहे. टेबलावर तो आठवडाभर न अडखळता चालला, कोडची शैली तपासणाऱ्या ‘चेकपॅच’ने एकही तक्रार केली नाही, आणि मुख्य कर्नलकडे पाठवण्यापूर्वी कोणीतरी तो बारकाईने वाचावा अशी आपली विनंती आहे. काल रात्री एकदा आणि आज सकाळी पुन्हा एकदा मी तो वाचला. चिप समजून घेण्याचे काम आपण उत्तम केले आहे, परंतु पॅच (कर्नलकडे पाठवायचा बदल) आज आहे तसा पाठवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

एका निर्णयाबद्दल मात्र आपले कौतुक करायला हवे. जुन्या पद्धतीने यूजरस्पेसमधून (कर्नलबाहेरील प्रोग्रॅममधून) पोर्ट ‘अटॅच’ करण्याच्या फंदात न पडता आपण सरळ ‘सर्डेव्ह’ ही सीरियल पोर्टवरील चिप कर्नलमधूनच हाताळण्याची सोय वापरली. ही सोय कर्नलमध्ये ४.११ या आवृत्तीत, म्हणजे २०१७ मध्ये आली, आणि तेव्हापासून यूएआरटीवरील नव्या ब्लूटूथ चिपसाठी तोच रास्त मार्ग आहे. पायाच बरोबर असल्यामुळे पुढील सर्व दोष दुरुस्त होण्यासारखे आहेत.

कोणताही ड्रायव्हर मी ‘प्रोब’ या उपकरण सुरू करणाऱ्या फंक्शनपासून वाचत नाही, ते काढताना चालणाऱ्या ‘रिमूव्ह’पासून वाचतो. ‘प्रोब’ लिहिताना लेखक उत्साहात असतो, शेजारी डेटाशीट उघडी असते आणि चूक झालीच तर चिप बोलतच नाही, त्यामुळे ती लगेच सापडते. ‘रिमूव्ह’ शेवटच्या संध्याकाळी लिहिले जाते आणि त्यातील चूक महिनोन्‌महिने गप्प बसते. वाचताना प्रत्येक ओळीपाशी मी एकच प्रश्न विचारतो: ही मेमरी, हे पॅकेट, ही वीज या क्षणी कोणाच्या ताब्यात आहे? आपल्या ड्रायव्हरमधील बहुतेक दोष याच प्रश्नाने बाहेर आले.

आपल्या ‘रिमूव्ह’मध्ये प्रथम चिपची एनेबल पिन खाली जाते, मग सीरियल पोर्ट बंद होतो, मग ‘एचसीआय अनरजिस्टर डेव्ह’ (उपकरणाची नोंद काढणे) आणि शेवटी ‘एचसीआय फ्री डेव्ह’ (त्याची मेमरी मोकळी करणे) येते. शेवटची पायरी सोडली तर हा क्रम पूर्ण उलटा हवा. अनरजिस्टर होईपर्यंत वरच्या स्टॅकच्या (कर्नलमधील ब्लूटूथच्या सामायिक कोडच्या) दृष्टीने उपकरण जिवंतच असते. तो आपल्या ‘सेंड’कडे पॅकेट सोपवू शकतो, आणि उपकरण चालू असेल तर अनरजिस्टर करता करताच तो आपले ‘फ्लश’ व ‘क्लोज’ बोलावतो, म्हणजे आधीच बंद केलेला पोर्ट आपण दुसऱ्यांदा बंद करता. त्याहून गंभीर गोष्ट अशी की, पॅकेटे पाठवणारे ‘वर्क’ (नंतर करण्यासाठी रांगेत लावलेले काम) कोठेच रद्द केलेले नाही. आपली खासगी संरचना मेमरी आपोआप मोकळी करणाऱ्या ‘डेव्हएम’ पद्धतीने घेतलेली असल्यामुळे ‘रिमूव्ह’ आटोपताच कर्नल ती मोकळी करतो; त्या क्षणी वर्क रांगेत उभे असेल, तर ते नंतर जागे होऊन दुसऱ्याची झालेली मेमरी हाताळू लागेल. येथे ‘कॅन्सल वर्क सिंक’ हवे, पण त्याची जागाही तितकीच महत्त्वाची आहे, कारण ते अनरजिस्टरच्या आधी घातले तर मधल्या फटीत एखादे नवे पॅकेट तेच वर्क पुन्हा रांगेत लावू शकते. म्हणून आधी अनरजिस्टर करावे, मग वर्क रद्द करावे, मग रांगेत उरलेली पॅकेटे मोकळी करावीत, त्यानंतर वीज काढावी आणि सर्वांत शेवटी फ्री करावे. ‘क्लोज’मध्येही पोर्ट बंद करण्यापूर्वी वर्क थांबवावे.

आठवडाभराच्या चाचणीत हे दिसले नाही, कारण त्या आठवड्यात आपण ड्रायव्हर एकदाही काढला नाही. सिसएफएसमधून (कर्नलची उपकरणे फाइलींच्या रूपात दाखवणाऱ्या सोयीतून) ‘अनबाइंड’ आणि ‘बाइंड’ (ड्रायव्हर काढणे व जोडणे) आळीपाळीने २०० वेळा करणारी चार ओळींची स्क्रिप्ट लिहा, ती चालू असताना दुसरीकडून फाइल पाठवत राहा, आणि कर्नलमध्ये मेमरीचा गैरवापर पकडणारी केएसॅन तपासणी चालू ठेवा. माझ्या अंदाजाने २०० पर्यंत जावेच लागणार नाही.

आता पॅकेटांचा ताबा. ‘सेंड’मध्ये पोर्ट तयार नसेल तर आपण एसकेबी (कर्नलमधील पॅकेटचा बफर) मोकळा करता आणि मग ऋण त्रुटी परत देता. येथील करार असा आहे की, ‘सेंड’ने शून्य परत दिले तर एसकेबी ड्रायव्हरचा झाला, आणि त्रुटी परत दिली तर तो स्टॅकचाच राहिला व स्टॅकच तो मोकळा करणार. म्हणजे आपल्या त्या वाटेवर एकच पॅकेट दोनदा मोकळे होते. चिपकडून आलेल्या पॅकेटांच्या बाबतीत चुकीचा साचा तोच आहे: ‘एचसीआय रिसीव्ह फ्रेम’ने त्रुटी दिली की आपण एसकेबी मोकळा करता, पण एकदा तेथे दिलेला एसकेबी यश येवो वा अपयश, आपला राहत नाही. हे दोन नियम एकमेकांसारखे नाहीत आणि त्यामुळेच अनुभवी लोकही येथे फसतात. माझ्या पहिल्या ड्रायव्हरमध्ये यांपैकी दुसरी चूक होती आणि ती सापडायला मला तीन रविवार लागले.

‘सेंड’मध्येच आपण स्पिनलॉक (इतरांना जागच्या जागी फिरत थांबवणारे कुलूप) हाती धरून ‘सर्डेव्ह डिव्हाइस राइट’ बोलावता. ते फंक्शन बाइट जाईपर्यंत झोपू शकते, आणि स्पिनलॉक धरून झोपणे वर्ज्य आहे. ‘राइट बफ’ हे झोपत नाही. मात्र ते सर्व बाइट एका वेळी स्वीकारेलच असे नसते, म्हणून त्याने परत दिलेल्या संख्येइतकेच बाइट पुढून कापावेत आणि उरलेले पॅकेट पुढील फेरीसाठी जपून ठेवावे.

सर्वांत जास्त वेळ मी ‘रिसीव्ह’वर घालवला. आपण असे गृहीत धरले आहे की, प्रत्येक वेळी हातात येणारा बफर म्हणजे एक पूर्ण पॅकेट असते. रीसेट कमांडचे साधे उत्तर घेऊ. तारेवरून सात बाइट येतात: ०४ ०ई ०४ ०१ ०३ ०सी ००. पहिला ०४ सांगतो की पुढे इव्हेंट आहे. ०ई म्हणजे कमांड पूर्ण झाली. पुढचा ०४ म्हणजे यानंतर चार बाइट आहेत. ०१ म्हणजे आणखी एक कमांड पाठवायला हरकत नाही. ०३ ०सी हा रीसेटचा ऑपकोड, खालचा बाइट आधी. आणि शेवटचे ०० म्हणजे सर्व ठीक. टेबलावर हे सातही बाइट आपल्याला एकत्र मिळाले, पण कर्नल तशी कोणतीही हमी देत नाही. यूएआरटीचा फिफो (बाइटांची छोटी रांग) किती भरल्यावर इंटरप्ट येतो, डीएमए (प्रोसेसरविना होणारी नक्कल) केव्हा थांबतो आणि प्रोसेसर तेव्हा कशात गुंतलेला आहे, यांवर तुकडे ठरतात. पहिल्या वेळी ०४ ०ई एवढेच आले, तर आपला कोड लांबीचा बाइट म्हणून जे वाचेल तो बफरच्या पलीकडील कचरा असेल. उलट बाजूने, वर्दळ असताना एका बफरमध्ये अडीच पॅकेटेही येऊ शकतात, आणि आपण पहिले ठेवून उरलेले दीड टाकून देता.

लांबीवरचा विश्वास हा याच फंक्शनचा दुसरा दोष. इव्हेंटची लांबी एका बाइटची असल्यामुळे ती २५५ पलीकडे जात नाही, पण एसीएल (साध्या डेटाच्या) पॅकेटच्या चार बाइटांच्या हेडरमध्ये लांबीसाठी दोन बाइट आहेत आणि त्यांत ६५,५३५ पर्यंतचा आकडा बसतो. आपण तो न तपासता १,०२४ बाइटांच्या बफरमध्ये नक्कल करता. लांबी सांगणारी चिप आपलीच आहे, ती खोटे का बोलेल, असे आपल्याला वाटेल. पण फर्मवेअर बिघडते, बॉडरेट (तारेवरचा वेग) चुकला की बाइट सरकतात, आणि ब्लूटूथमध्ये हवेतून येणारा मजकूर कोणाचाही असू शकतो. २०१७ चे ब्लूबॉर्न आणि २०२० चे ब्लीडिंगटूथ हे दोष ड्रायव्हरमधील नव्हते, स्टॅकमधील होते, तरीही बाहेरून आलेल्या मजकुरावर ठेवलेला विश्वास कोठवर नेतो हे त्यांनी दाखवून दिले आहे. माझी सूचना अशी की, आपले सव्वाशे ओळींचे हे फंक्शन दुरुस्त करू नका, काढूनच टाका. कर्नलमध्ये एचफोर (यूएआरटीवरील ब्लूटूथच्या मांडणीची) पॅकेटे तुकड्यातुकड्याने जुळवणारे ‘एचफोर रिसीव्ह बफ’ तयार आहे. इव्हेंट, एसीएल आणि एससीओ (आवाज) यांची छोटी सारणी त्याला द्यावी, अर्धवट पॅकेट ते स्वतः सांभाळते आणि जागेत न मावणारी लांबी नाकारते.

‘सेटअप’मध्ये उत्तराचा एसकेबी नल आहे का एवढेच आपण पाहता. ‘एचसीआय कमांड सिंक’ अपयश आल्यास त्रुटी दडलेला पॉइंटर देते, म्हणून ‘इज एरर’ने तपासा, उत्तराची लांबी पाहिल्याशिवाय त्यातील आवृत्ती क्रमांक वाचू नका, आणि काम झाल्यावर तो एसकेबी मोकळा करा; तीन ठिकाणी तो तसाच राहून गेला आहे. बॉडरेट १,१५,२०० वरून ३०,००,००० वर नेताना आपण ‘एमडिले’ने अर्धा सेकंद घालवता. तेवढा वेळ प्रोसेसर जागच्या जागी फिरत राहतो आणि आपले बोर्ड तर एकाच कोअरचे आहे. ‘एमस्लीप’ वापरा, आणि मुख्य म्हणजे इतका वेळ खरोखर लागतो का हे मोजा. वेग बदलत असताना फ्लो कंट्रोल बंद ठेवणेही विसरू नका, नाहीतर त्या गडबडीत आलेला एखादा अर्धा बाइट पुढचे सर्व बाइट सरकवतो.

आता पत्त्याविषयी, हा मुद्दा आपल्या पॅचमध्ये मुळीच नाही. काही वर्षांपूर्वी होटगी रस्त्यावरील २४ मागांच्या एका शेडमध्ये आम्ही अशाच पेट्या बसवल्या होत्या. पहिल्या पेटीने महिनाभर चोख हिशेब दिला, म्हणून मालकांनी आणखी घेतल्या, आणि त्याच आठवड्यात जॉबर (मागांची देखभाल करणारा) वही घेऊन आला: सात नंबरचा माग बीम (उभ्या धाग्यांचा रूळ) चढवण्यासाठी सकाळपासून बंद होता आणि फोनवर मात्र त्याचे पिक वाढत होते. हप्ता (मजुरी) पिकांच्या हिशेबाने ठरत असल्यामुळे शेडमध्ये बरीच बोलाचाली झाली. दोन तास केबल आणि सेन्सर तपासण्यात गेले, आणि मग कोणीतरी दोन पेट्यांचे ब्लूटूथ पत्ते शेजारी शेजारी लिहिले. सहाच्या सहा बाइट सारखे होते. पुरवठादाराने चिपमध्ये वेगळे पत्ते लिहिलेच नव्हते, प्रत्येक चिप फर्मवेअरमधील नमुन्याचा पत्ताच सांगत होती, आणि फोन जवळ सापडेल त्या पेटीशी बोलत होता. आपली चिपही तसाच ठरावीक पत्ता देते, हे आपल्याच लॉगमध्ये दिसते. तो पत्ता ओळखून ड्रायव्हरने ‘पत्ता अग्राह्य’ हा क्वर्क (चिपच्या दोषाची कर्नलला दिलेली खूण) लावावा, खरा पत्ता डिव्हाइस ट्रीमधील (बोर्डच्या हार्डवेअरच्या वर्णनातील) ‘लोकल बीडी अॅड्रेस’ या गुणधर्मातून घेण्याची मुभा द्यावी आणि चिपमध्ये तो लिहिणारे फंक्शन पुरवावे. त्या गुणधर्मात सर्वांत खालचा बाइट आधी लिहायचा असतो. तो सरळ लिहिला तर पत्ता उलटा होतो. क्वर्क लावण्यात कमीपणा मानू नका, नामांकित चिपचे नाव सांगणाऱ्या नकली यूएसबी डोंगलांसाठीसुद्धा कर्नलच्या ड्रायव्हरमध्ये वेगळी सोय ठेवलेली आहे.

बाकीचे थोडक्यात. फर्मवेअर सी फाइलमध्ये अॅरे म्हणून ठेवता येणार नाही. ते स्वतंत्र फाइल म्हणून ‘रिक्वेस्ट फर्मवेअर’ने मागवा, वाटपाची लेखी परवानगी उत्पादकाकडून घ्या, आणि फाइल हेडरपेक्षा लहान असेल तर तिच्या लांबीतून हेडर वजा करण्यापूर्वीच नकार द्या. पिकांची संख्या वाचण्यासाठी ड्रायव्हरमध्येच उघडलेली वेगळी डिव्हाइस फाइल काढून टाका. माग मोजणे हे ब्लूटूथ ड्रायव्हरचे काम नव्हे, आणि ती दिसताच परीक्षक पुढे वाचणार नाहीत. दोन बाइटांचे आकडे थेट न वाचता लहान-टोक (खालचा बाइट आधी) पद्धतीची ठरलेली फंक्शने वापरा. ‘स्पार्स’ हे कोड तपासणारे साधन चालवलेत तर अशा अकरा जागा ते स्वतः दाखवील. डिव्हाइस ट्रीच्या बाइंडिंगचा (गुणधर्मांच्या नियमपत्राचा) पॅच वेगळा आणि ड्रायव्हरच्या आधी असावा.

लॉकडेप (कुलपांची तपासणी), केएसॅन आणि केमेमलीक (मोकळ्या न केलेल्या मेमरीची तपासणी) चालू ठेवून ‘अनबाइंड’ची स्क्रिप्ट पूर्ण झाली, आणि जोडणी चालू असताना चिपची वीज मधेच काढूनही बोर्ड सावरले, की दुसरी आवृत्ती पाठवा. आपल्याकडे उन्हाळ्यात वीज कशी जाते-येते हे वेगळे सांगायला नको. बोर्ड बॅटरीवर तग धरेल पण चिप एकटीच बसेल, आणि कमांडला दोन सेकंदांत उत्तर न आल्यावर ड्रायव्हरने काय करायचे हे आज कोडमध्ये कोठेही लिहिलेले नाही. पहिल्या आवृत्तीपासून काय बदलले ते तीन आडव्या रेघांच्या खाली लिहा, म्हणजे ते परीक्षकाला दिसेल पण कर्नलच्या इतिहासात जाणार नाही. ‘रिमूव्ह’ नव्याने लिहून झाले की तेवढेच फंक्शन आधी येथे टाका. बाकीच्या दुरुस्त्यांची वाट न पाहता मी ते वाचून देईन.