केमो चालू असताना लक्ष्मणफळाच्या कॅप्सूल: माझं उत्तर

वडिलांची केमो सुरू आहे, आत्याने लक्ष्मणफळाच्या पानांच्या कॅप्सूल पाठवल्यात, द्याव्यात का, असं विचारलंयत. माझं मत, देऊ नका. आईच्या वेळी आमच्याकडेही असाच डबा आला होता, सोबत तोच मेसेज: ‘केमोपेक्षा 10,000 पट गुणकारी’. (मी डॉक्टर नाही, शेवटचा शब्द तुमच्या ऑन्कॉलॉजिस्टचा.)

मेसेजमध्ये चिमूटभर खरं आहे, म्हणूनच तो इतकी वर्षं फिरतोय. सीताफळाच्या भावकीतल्या या फळात, पानांत आणि बियांत अ‍ॅसिटोजेनिन नावाची द्रव्यं असतात. पेशीतल्या मायटोकॉन्ड्रियात ऊर्जा तयार होते, ते काम ती अडवतात. प्रयोगशाळेतल्या बशीत कॅन्सरच्या पेशी त्यांनी मरतात, हे खरंच. पण बशीतल्या पेशी फिनाईलनेही मरतील! पोटात घेतल्यावर गाठीपर्यंत किती पोचतं आणि वाटेत चांगल्या पेशींचं काय होतं, ते मेसेजवाले सांगत नाहीत. कॅरिबियनमधल्या ग्वादलूप बेटावर ही फळं आणि पानांचा काढा नेहमी घेणाऱ्यांत पार्किन्सनसारखा, पण त्याच्या नेहमीच्या औषधांना दाद न देणारा आजार दिसला. 1999 साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात ते छापून आलं. कारण पक्कं सिद्ध झालेलं नाही, पण संशय याच द्रव्यांवर आहे.

आम्हाला खरा फटका दिला तो कॅप्सूल विकणाऱ्या केंद्राने. आईचं एसजीपीटी (लिव्हरला इजा झाली की रक्तात वाढणारं एन्झाइम) वाढलं, केमोची पुढची सायकल लांबली. डॉक्टर म्हणाले, यात काय काय आहे ते आणा. डब्यावर नुसतं ‘शुद्ध वनौषधी’. ना प्रमाण, ना बॅच नंबर, पावती कच्ची. केंद्रात फोन केला तर ‘फॉर्म्युला सांगत नाही’. पुन्हा केला तर ‘शरीरातलं विष बाहेर पडतंय, डोस वाढवा’. त्यानंतर साहेब कायम ‘बाहेर’! लिव्हर केमोने बिघडलं की कॅप्सूलने, हे ठरवायला काहीच हाताशी नव्हतं. मग डॉक्टरांनी सावधगिरी म्हणून केमोचाच डोस कमी केला. तो राग अजून जात नाही.

झाडपाल्यात औषध नसतं असं मी म्हणत नाही. व्हिन्क्रिस्टीन हे केमोचं औषध आपल्या सदाफुलीतलंच आहे. पण ते शुद्ध करून, मिलिग्रॅममध्ये मोजून, शिरेतून देतात. (फुलं-पानं चावायला जाऊ नका, झाड विषारी आहे.)

जाता जाता, वडिलांना इमॅटिनिबसारख्या कॅन्सरच्या गोळ्या असतील तर ग्रेपफ्रूट बंद, आणि पपनसाचंही विचारून घ्या. त्यातली द्रव्यं औषधाचं विघटन करणारं आतड्यातलं एन्झाइम अडवतात, मग रक्तात औषध जास्त चढतं. आमच्या हॉस्पिटलच्या आहाराच्या कागदावर फक्त ‘ताजी फळे खा’ होतं.

आत्याला दुखवायचं नसेल तर डबा ठेवून घ्या, वाद घालू नका. पुढच्या ओपीडीला तो सोबत न्या आणि डॉक्टरांनाच दाखवा. त्यांनी नको म्हटलं की आत्याला डॉक्टरांचं नाव सांगता येतं.